'निरंक' नव्हे : राबण्यातले शिक्षण आणि नोकरीतील वाढ

नोकरीच्या छापील अर्जात 'पूर्वानुभव' असा एक रकाना असतो. आपल्या वस्त्यांतील मुले-मुली त्या रकान्यात बहुधा 'निरंक' असे लिहितात. निरंक हा कचेरीतला शब्द. त्याचा अर्थ काहीही नाही, शून्य. वयाच्या बाराव्या वर्षापासून आईबरोबर निंदणीला गेलेली, सुट्टीत सोंगणी करून वह्या-पुस्तकांचे पैसे उभे केलेली, घरातले धान्य किती दिवस पुरेल याचा हिशेब तोंडपाठ असलेली मुलगी स्वतःच्या हाताने आपला अनुभव शून्य आहे असे लिहून देते. याला तिचे अज्ञान म्हणता येणार नाही. कोणता अनुभव जमेस धरायचा आणि कोणता नाही, हे ज्यांनी ठरवले त्यांचा निर्णय ती फक्त उतरवून घेते. त्या निर्णयाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अलीकडे महाविद्यालयांत, कंपन्यांत आणि शासकीय प्रशिक्षणांतही व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने होतात. रोजच्या जगण्यातून शिका, जीवन हीच मोठी शाळा आहे, असे तेथे सांगितले जाते. हे विधान खोटे नाही. ते अर्धे आहे. जगणे सर्वांनाच शिकवते, परंतु प्रत्येकाच्या जगण्याला नोकरीच्या बाजारात सारखा भाव नसतो. ज्या घरात आजोबा कारकून, वडील शिक्षक आणि मामा तहसील कचेरीत, त्या घरातील मूल जेवता जेवता शिकते : अर्ज कसा लिहावा, साहेबापुढे कसे बोलावे, कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो. तेही रोजच्या जगण्याचेच शिक्षण होय. मात्र मुलाखतीच्या खोलीत त्याला 'गुणवत्ता' हे नाव मिळते. शेतमजुराच्या घरातील मूल जे शिकते त्याला नावच नाही. नाव नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून किंमत नाही. राखीव जागांविरुद्ध बोलताना 'मेरिट'चा जो घोष केला जातो, त्याच्या मुळाशी एका वर्गाच्या घरगुती शिक्षणाला दिलेली ही सार्वजनिक मान्यता आहे.

हे विवेचन अमूर्त राहू नये म्हणून वाशीम जिल्ह्यातील एक नेहमीचे काम पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. पाचांतले चार जण खेड्यात राहणारे आणि दर पाच जणांमागे जवळपास एक अनुसूचित जातीचा. खरिपात सोयाबीन हे येथील मुख्य पीक. सोंगणीच्या दिवसांत बायांच्या टोळ्या एकरी गुत्त्याने काम घेतात. यातील बहुसंख्य बाया भूमिहीन वा नावापुरती जमीन असलेल्या घरांतल्या.

ही टोळी काम कसे करते ते बारकाईने पाहिले पाहिजे. भाव ठरवण्यापूर्वी टोळीतली जाणती बाई वावरात फिरून येते. पीक दाट आहे की विरळ, तण किती, जमीन ओली की कडक, झाड आडवे पडले आहे काय, हे ती पाहते आणि मग एकराचा भाव सांगते. भाव चुकला तर दहा-बारा जणींची मजुरी बुडते, म्हणून तिचा अंदाज पक्का असावा लागतो. शेतमालक दोन एकर म्हणाला तर ती पावलांनी मोजून खात्री करून घेते. सोयाबीनच्या शेंगा उन्हात तडकतात, म्हणून काम पहाटेच्या दवात सुरू करायचे हे ती ठरवते. आभाळ पाहून आज कोणाचे वावर आधी घ्यायचे याचा क्रम लावते. नवी पोरगी कामावर आली तर तिची पात दोन तरबेज बायांच्या मध्ये लावली जाते. ती मागे पडली की दोन्ही बाजूंच्या बाया तिच्या पातीतली चार झाडे आपल्या विळ्याखाली घेतात. आठ-दहा दिवसांत ती बरोबरीने चालू लागते. दिवस संपला की हिशेब सर्वांसमोर होतो आणि वाटणीवरून भांडण झाले तर तेथेच मिटवले जाते.

या एका कामात अंदाजपत्रक आहे, कामाची वाटणी आहे, वेळेचे नियोजन आहे, सौदा आहे, नवख्याला शिकवण्याची रीत आहे आणि उघड हिशेब आहे. हीच कामे पंचायत समितीत वा बँकेत कोणी केली तर त्याला अधिकारी म्हणतात. वावरातल्या बाईला मजूर म्हणतात, आणि तिला 'अकुशल' या सदरात टाकतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे सुरू झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांवर खोदलेल्या मातीच्या मापावर मजुरी ठरत असे. खड्ड्यात मोजणीसाठी ठेवलेला मातीचा खुंट पाहून आपले माप किती भरले हे निरक्षर बायाही सांगू शकत. तरी हजेरीपट ज्याच्या हाती तो शहाणा आणि फावडे ज्याच्या हाती तो अडाणी, ही विभागणी कायम राहिली. ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञानाला कागद नव्हता.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल की, मग प्रश्न सोपा आहे. आपल्या अनुभवाला नावे द्यावीत, आत्मविश्वास वाढवावा, म्हणजे नोकरीत वाढ आपोआप होईल. इतिहास तसे सांगत नाही. कौशल्य असूनही पायरी बंद असू शकते, याचे उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांत सापडते. नागपूरकडच्या महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा व्यवसाय होता. म्हणजे विणकाम हे या समाजाच्या हाताला परके नव्हते. परंतु मुंबईच्या गिरण्यांत जेथे मजुरी अधिक होती त्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लागेल, हे स्पृश्य कामगारांना मान्य नव्हते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या चळवळीला आपल्याच कामगारांमधली ही भिंत पाडण्याची घाई नव्हती.

दुसरे उदाहरण रेल्वेचे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मण्यशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे सांगितले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच भाषणात त्यांनी नोकरीतल्या वाढीचे जे विश्लेषण केले त्याकडे आपले लक्ष कमी गेले. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलीही कामे करावी लागतात आणि तेथे शिवाशीव आड येते. रेल्वेच्या कारखान्यात तो हमाल राहतो. मिस्त्री वा फिटरच्या जागेपर्यंत पोहोचत नाही. सारांश, गुण वाढण्यासाठी वरच्या कामाचा हात लागावा लागतो. आणि तो हातच लागू दिला नाही तर गुण नव्हता असे म्हणायला व्यवस्था मोकळी होते. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधातील त्यांचा सिद्धांत येथे कामाच्या जागी उतरलेला दिसतो.

बाबासाहेब केवळ तक्रार करून थांबले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी त्याच वर्षी सरकारला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांतील राखीव जागा आणि परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या यांच्या बरोबरीने, सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, अशी मागणी होती. मनमाडला ज्या कारखान्याचे दार बंद असल्याचे सांगितले, त्याच दारावर चार वर्षांनी मंत्री म्हणून त्यांनी थाप मारली. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर त्यामागचा विचार स्पष्ट होतो. पायरी मोकळी करणे, पायरीवर चढण्याचे शिक्षण देणे आणि पोट न मारता ते शिक्षण घेण्याची सोय करणे. यातील एक गोष्ट नसली तर उरलेल्या दोन लंगड्या पडतात.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही हीच दृष्टी आहे. प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांनी म्हटले होते. शाळेने मुलाच्या जगण्याशी नाते जोडावे, ही ती मागणी होती. वावरात मापलेली पावले गणिताच्या तासाला फळ्यावर आली असती, तर 'निरंक' लिहिणारा हात थोडा थबकला असता.

आता आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण. मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे कादंबरीकार नामदेव कांबळे यांनी वाशीमच्या शाळेत आधी चौकीदाराची नोकरी केली आणि पुढे ते शिक्षक झाले. 'राघववेळ' या त्यांच्या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. चौकीदार, शिक्षक आणि साहित्यिक हे तीन वेगळ्या जातीचे प्राणी नसतात. ते एका माणसात मावतात, हे या उदाहरणाने दिसते. परंतु अशा उदाहरणाचा एक दुरुपयोगही होतो. बघा, एक जण चढला, म्हणजे दार उघडे आहे. बाकीचे चढत नाहीत हा त्यांचा दोष, असा युक्तिवाद केला जातो. एकाच्या चढण्याने दाराची रुंदी सिद्ध होत नाही. शाळेच्या फाटकावर बसलेल्या माणसात काय आहे हे विचारण्याची पद्धत त्या शाळेत, त्या कचेरीत, त्या कारखान्यात आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

येथे दोन धोक्यांचा इशारा देणे आवश्यक वाटते. पहिला धोका दारिद्र्याच्या उदात्तीकरणाचा. उपाशी राहिल्याने माणूस शहाणा होतो असे नाही; बहुधा तो थकतो. वावरातील बाई जे शिकली ते हालांमुळे नव्हे, तर हाल असूनही शिकली. म्हणून तिच्या ज्ञानाचा गौरव करताना तिच्या मजुरीचा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. दुसरा धोका परंपरागत धंद्याचा. तुमच्या हातात पिढीजात कौशल्य आहे, त्याचेच प्रशिक्षण घ्या, असे सांगून चांभाराच्या मुलाला चामड्याकडे, मांगाच्या मुलाला दोरखंडाकडे आणि सफाई कामगाराच्या मुलाला झाडूकडे परत पाठवणाऱ्या योजना वरून उदार दिसतात. वारसाहक्काने मिळणाऱ्या सफाईच्या नोकरीने भाकरीची हमी दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद मिळते काय, हे विचारलेच पाहिजे.

अमेरिकेतील निग्रो समाजात हा वाद शंभर वर्षांपूर्वीच झडला. १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीची संस्था उभारली. तेथे विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून इमारती बांधल्या आणि हातच्या कामाचे मोल जगाला दाखवले. पण १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी प्रश्न केला की, मताचा हक्क, समान नागरिकत्व आणि उच्च शिक्षण यांवाचून केवळ हातकाम शिकलेला माणूस वर कसा येणार? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. श्रमातील ज्ञान हे वर चढण्याचे भांडवल आहे. श्रमाच्या जागी खिळवून ठेवण्याचा खिळा नव्हे. सोंगणीचा हिशेब जाणणारी मुलगी उत्तम सोंगणी करील, हा आपला निष्कर्ष नाही. तिला संधी दिली तर ती बँकेची शाखा चालवू शकेल, हा आहे.

आजची परिस्थिती काय आहे? २०१८ साली निती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादबरोबर वाशीमचे नाव होते. प्रगती मोजण्याच्या त्या मापात आरोग्य-पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के भार होता, कौशल्य विकासाला अवघा ५ टक्के. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, माणसाने आधीच कामातून मिळवलेले कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आली. तत्त्व म्हणून ती मोलाची आहे, कारण ज्ञान शाळेबाहेरही असते हे शासनाने त्यात कबूल केले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या गेल्या. १९४२ च्या त्या मागणीला मिळालेले हे उशिराचे उत्तर. आपल्या मुलांना या तरतुदी माहीत असतात काय?

नोकरी लागल्यानंतरची लढाई वेगळी. ती कागदावर होते. गोपनीय अहवालात वरिष्ठाने लिहिलेल्या एका शब्दावर बढती अडते. २००८ मध्ये देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अहवालातला प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो की वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्या प्रकरणात शेरा 'चांगला' असा होता. बढतीला 'खूप चांगला' हवा होता आणि ही गोष्ट कर्मचाऱ्याला कळवलीच नव्हती. 'चांगला' हा शब्दसुद्धा माणसाला कसा खाली ठेवू शकतो, याचे हे उदाहरण. बढतीतील आरक्षणाचेही तसेच. महाराष्ट्रात २५ मे २००४ च्या शासननिर्णयाने ते लागू झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मे २०२१ च्या शासननिर्णयाने पदोन्नत्या सेवाज्येष्ठतेवर देण्याचे ठरले. गँगमनचा गँगमन राहण्याची रीत केवळ शिवाशिवीच्या काळात होती, असे समजून स्वस्थ बसता येत नाही.

मग करायचे काय? उत्तर वावरातल्या टोळीनेच दिले आहे असे मला वाटते. नव्या पोरीची पात दोन तरबेज बायांच्या मध्ये लावायची, ही ती रीत. आपल्या वस्तीतला पहिला मुलगा कचेरीत लागतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी नसते. टिप्पणी कशी लिहायची, मसुदा कसा करायचा, सेवापुस्तकातील नोंदी केव्हा तपासायच्या, ज्येष्ठता यादीवर हरकत किती दिवसांत घ्यायची, बिंदुनामावली कशी वाचायची, हे त्याला सांगणारा माणूस घरात नसतो. पांढरपेशा घरात हे काम मामा करतो. आपल्याकडे ते संघटनेने केले पाहिजे. शिकलेल्या लोकांनी आपल्याला धोका दिला, ही खंत बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला व्यक्त केली होती. ती खंत आपण वर्षानुवर्षे भाषणांतून सांगतो. तिला कृतीचे उत्तर द्यायचे तर आठवड्यातला एक तास पुरेसा आहे.

गावोगावच्या विहारांत आणि समाजमंदिरांत रविवारी सभा होतात. तेथे नोकरीत असलेल्या एकाने नोकरी शोधणाऱ्या दहांना कचेरीची भाषा शिकवावी. शिक्षकांनी वर्गात मुलांना विचारावे की, घरच्या कामात तुम्ही काय मोजता, काय ठरवता, कोणाला शिकवता. आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. 'आईबरोबर सोंगणीला जातो' एवढ्यावर न थांबता, 'दहा जणींच्या टोळीचा रोजचा हिशेब मी ठेवतो' असे त्याला लिहिता आले पाहिजे. हे दुसरे वाक्य खोटी प्रौढी नव्हे. पहिल्या वाक्यात दडलेली ती वस्तुस्थिती आहे. कर्मचारी संघटनांनी केवळ बदली आणि महागाई भत्त्यापुरते न राहता, शिपायाला लिपिकाचे काम शिकण्याची आणि कंत्राटी कामगाराला कायम कामगाराच्या शेजारी बसून शिकण्याची मुभा मागावी. ज्यांच्या हाती अधिकार आला आहे त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसाला वर्षातून एकदा तरी वरच्या पायरीचे काम करून पाहू द्यावे. गुण वाढवण्याची दुसरी कोणतीही पद्धत अद्याप सापडलेली नाही.

आणि वावरातली मजुरीही विसरू नये. कचेरीत चढलेल्या मुलाची आई त्याच भावाने सोंगणी करीत राहिली, तर वाढ झाली ती एका माणसाची, समाजाची नव्हे. तिच्या अंदाजाला, तिच्या हिशेबाला आणि तिच्या शिकवण्याला कुशल कामाचा दर मिळावा, ही मागणी बढतीच्या मागणीइतकीच आपली आहे. या दोन्ही मागण्या एका व्यासपीठावरून मांडल्या जातील, तेव्हाच कामाच्या जागी माणूस वाढतो असे म्हणता येईल.